सौर पंप की विजेचा पंप?

जुन्नरकडच्या मेहुण्याने विचारलं, "दाजी, नव्या विहिरीवर सौर पंप बसवू की वीज जोडणी घेऊ?"

खर्चाचं आधी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के वाटा भरावा लागतो. विजेच्या पंपाला 7.5 अश्वशक्तीपर्यंत 2024 पासून बिल माफ आहे. म्हणजे बिलात आज फरक नाही. माफी मात्र सरकारच्या धोरणावर अवलंबून, ऊन नाही.

माझ्या लेखी खरा मुद्दा वेळेचा. वीज रात्रपाळीची आली की अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावं लागतं, आणि जुन्नरच्या उसात बिबटे आहेत. सौर पंप दिवसाच चालतो. जिवापुढे बाकी हिशेब कसले करायचे?

उणीव ढगाळ दिवसांची. पावसाने ओढ दिली, आभाळ नुसतं भरून राहिलं, की सौर पंपाची धार बारीक होते. पॅनलवरची धूळही पुसावी लागते. वीजपंपाची मोटर कमी दाबाने जळते, ते दुखणं वेगळंच.

विहीर उथळ, कांदा-भाजीपाला, ठिबक असेल तर सौर घ्यावा. खोल बोअर, बारमाही ऊस आणि दिवसा भरवशाची वीज असेल तर जोडणी बरी. मेहुण्याला मी सौरच सांगितला.