आयएसपीसी: सी ची सवय असलेल्यांसाठी सिमडचा (एकाच सूचनेत अनेक आकडे हाताळण्याचा) सोपा रस्ता

इंट्रिन्सिक्सचे (थेट प्रोसेसरच्या सूचना वापरणाऱ्या फंक्शनांचे) हात दुखवणारे कोड लिहायचे नसतील, तर इंटेलचा हा मुक्तस्रोत, एलएलव्हीएम या कंपायलर बनवण्याच्या साधनसंचावर बेतलेला कंपायलर घ्यावाच. भाषा म्हणजे जवळपास सी, वर ‘युनिफॉर्म’ (सगळ्या घटकांना एकच किंमत), ‘व्हेरिइंग’ (प्रत्येक घटकाची आपली किंमत) आणि ‘फॉरईच’ (अनेक घटक एकदम घेणारा लूप) असे मोजके शब्द. एव्हीएक्स२ या प्रोसेसरच्या सिमड सूचनासंचावर ३२ बिटी आकड्यांचे ८ घटक एकदम चालतात. लांबी ८ ने भागत नसेल, तर उरलेले घटक ‘फॉरईच’ मास्क लावून (नको त्या जागा बंद ठेवून) स्वतःच सांभाळतो. आउटपुटला ऑब्जेक्ट फाइल आणि हेडर मिळते; सी++ मधून सरळ कॉल करा.

अडखळायला होते ते पॉइंटरपाशी. काहीच न लिहिलेला व्हेरिएबल व्हेरिइंग धरला जातो, पॉइंटरही! त्यामुळे एक्स्पोर्ट केलेल्या फंक्शनला साधा ‘फ्लोट स्टार’ दिला की एरर. ताऱ्यानंतर ‘युनिफॉर्म’ लिहावे लागते. बेरीजही युनिफॉर्म व्हेरिएबलमध्ये थेट करता येत नाही. आधी व्हेरिइंगमध्ये साठवा, लूप संपल्यावर ‘रिड्यूस अॅड’ (सगळ्या घटकांची एक बेरीज करणारे फंक्शन) वापरा.

वेगाची खरी माती होते ती स्ट्रक्टच्या अॅरेमुळे. एक्स, वाय, झेड एकत्र ठेवले की प्रत्येक वाचनाला गॅदर, म्हणजे विखुरलेल्या जागांवरून घटक गोळा करणे. कंपायलर तशी वॉर्निंग देतो, ती दुर्लक्षू नका. तिन्हींचे वेगळे अॅरे करा. अटीला घटकांची उत्तरे वेगवेगळी आली तर ‘इफ’ आणि ‘एल्स’ दोन्ही चालतात, हेही ध्यानात असू द्या.

‘लाँच’ने कामे अनेक कोअरवर वाटता येतात, पण ही वाटणी करणाऱ्या टास्क सिस्टीमची फाइल सोबत जोडली नाही तर लिंकर अडतो. इतकी तयारी असेल तर बेधडक घ्या.