इलेक्टोरल बाँड: बंद पडलेल्या योजनेचा एका आरडी एजंटने केलेला रिव्ह्यू

मी ठाण्यात नौपाड्यात पोस्टाच्या आरडीची एजंट आहे, जोडीला म्युच्युअल फंडाची कामं करते. नवी योजना आली की गिऱ्हाइकं आधी मला विचारतात, "ताई, घेऊ का?" इलेक्टोरल बाँडबद्दल, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन राजकीय पक्षाला देणगी म्हणून द्यायच्या कागदाबद्दल, कुणी विचारलं नव्हतं. २०२४ च्या मार्चमध्ये ते कोणी विकत घेतले याच्या याद्या बाहेर आल्या तेव्हा गोखले रोडवरच्या एका काकांनी विचारलं. निवृत्तीचे पैसे शेअर्समध्ये आहेत त्यांचे. म्हणाले, "माझ्या कंपनीने यात पैसे घातले म्हणे. मला काय मिळालं?" म्हणून हा रिव्ह्यू. योजना बंद झाली असली तरी नेहमीच्याच कसोट्या लावल्यात.

आधी व्याज: शून्य. मुदत पंधरा दिवस. तेवढ्यात पक्षाने वटवला नाही तर रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत जमा, तुम्हाला परत नाही. विक्री फक्त स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत दहा-दहा दिवस. असं काही मी विकायला गेले तर गिऱ्हाईक चहासुद्धा विचारणार नाही. आणि इथे २०१८ ते जानेवारी २०२४ या काळात सोळा हजार कोटींच्या वर विक्री झाली! हजार रुपयांचाही बाँड होता, पण नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एक कोटीवाल्या बाँडांतून आली. म्हणजे सामान्य माणसासाठी ठेवलेला काउंटर नुसता नावाला. छपाई आपल्या नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयात व्हायची. छपाईचा खर्च आणि बँकेचं कमिशन सरकार भरायचं. घेणाऱ्याला एक पैचा बोजा नाही, वर देणगीवर करात पूर्ण वजावट.

मग लोक घेत का होते? बाँडावर घेणाऱ्याचं नाव नसायचं, म्हणून.

आमच्याकडे एका आजींची एफडी मोडायची होती. हात थरथरतो, सही जुळेना. आधार, पॅन, दोन फोटो, हयातीचा दाखला, नॉमिनीचं आधार, त्यावर सही केलेली झेरॉक्स, एवढं सगळं जोडूनही "पुन्हा सही करा" म्हणाले. रक्कम होती चाळीस हजार. बाँड घेतानाही केवायसी होती हे मान्य. पण ती माहिती बँकेच्या कपाटात राहायची आणि बँक सरकारी. त्यातून २०१८ मध्येच एका पत्रकार महिलेने बाँड प्रयोगशाळेत तपासून घेतला, तर अतिनील प्रकाशात त्यावर लपलेला क्रमांक दिसला. म्हणजे माग काढायची सोय होती, फक्त ती मतदाराच्या हातात नव्हती.

देणारा अनोळखी, घेणारा पक्ष तर त्याहून निरागस. जनता दल (युनायटेड)ने निवडणूक आयोगाला लेखी कळवलं होतं की ३ एप्रिल २०१९ ला पाटण्याच्या कार्यालयात कुणीतरी बंद पाकीट देऊन गेलं, उघडलं तर आत एक-एक कोटीचे दहा बाँड. दिले कोणी, माहीत नाही. माझ्या वसुलीत पाचशेची नोट जास्त निघाली तर हिशेब जुळेपर्यंत मला जेवण जात नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे. २०१७ पूर्वी कंपनी कायद्याच्या कलम १८२ नुसार कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता यायची, आणि कोणत्या पक्षाला किती ते हिशेबात लिहावं लागायचं. २०१७ च्या वित्त कायद्याने मर्यादाही काढली आणि पक्षाचं नावही. फक्त एकूण आकडा द्या म्हणाले. म्हणजे देणगी भागधारकाच्या पैशातून आणि गुपित त्याच्यापासूनच. मुंबई उच्च न्यायालयात १९५७ साली टाटा स्टीलच्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती छागलांनी देणगीला परवानगी देतानाच बजावलं होतं की हा प्रकार वाढला तर लोकशाहीचा गळा घोटला जाईल. साठ वर्षांनी आपण मर्यादाच उडवून टाकली.

मर्यादा नसली की काय होतं, त्याचं उदाहरण ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने गाठता येईल इतकं जवळ आहे. खरेदीदारांच्या यादीत तिसरी क्विक सप्लाय चेन, ४१० कोटी. तिचा नोंदणीकृत पत्ता नवी मुंबईतल्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतला. यातले ३६० कोटी एकट्या २०२१-२२ चे, आणि त्या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा होता २१ कोटी ७२ लाख. ही आपली उपकंपनी नाही, असं रिलायन्सने सांगितलं आहे. बरं. पण नफ्याच्या सोळापट दान करणारं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं असतं तर मी आधी त्याच्या मुलाला फोन केला असता.

यादीत दुसरी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. ठाण्यातल्या टिकुजीनी वाडीकडे माझी आरडीची गिऱ्हाइकं आहेत, त्यांना हे नाव माहीत आहे, कारण तिथून बोरिवलीकडे जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचं काम एमएमआरडीएने याच कंपनीला दिलं. काम मिळालं २०२३ मध्ये. कंपनीच्या बाँडखरेदीच्या नोंदींत त्याच वर्षीचा एप्रिल आहे. एकामुळे दुसरं झालं असं कोणत्या न्यायालयाने म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की या दोन नोंदी शेजारी ठेवून विचारायला ठाणेकराला एक वर्ष थांबावं लागलं आणि तेही सर्वोच्च न्यायालयात जाऊन कुणी भांडलं म्हणून.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने योजना रद्द केली. त्यानंतरची विक्रीपश्चात सेवा अगदी वाईट. बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची मतमोजणी उरकल्यावर. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली. १४ मार्चला याद्या लागल्या खऱ्या, पण विकत घेणाऱ्यांची वेगळी, वटवणाऱ्या पक्षांची वेगळी, मधला दुवा नाही. पुन्हा दट्ट्या बसल्यावर २१ मार्चला बाँडांचे क्रमांक आले आणि जोड्या लागल्या. सगळ्यात जास्त, सहा हजार कोटींच्या आसपास, भाजपने वटवले. तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती यांचेही आकडे हजार कोटींच्या वर. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने बाँड घेतले नाहीत, उलट कोर्टात गेले.

रेटिंग: देणाऱ्या-घेणाऱ्याच्या बाजूने पाचपैकी पाच. भागधारकाच्या बाजूने शून्य, आणि मी भागधारकांची एजंट.

पर्याय म्हणून सध्या इलेक्टोरल ट्रस्ट चालतात, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था. योजना २०१३ ची. जमा रकमेतले निदान ९५ टक्के त्याच वर्षी पक्षांना द्यावे लागतात, आणि कोणी ट्रस्टला किती दिले, ट्रस्टने कोणाला किती दिले हे आयोगाला कळवावं लागतं. बाँडपेक्षा बरं, तीन तारे. दोन कापले, कारण दहा कंपन्यांचे पैसे एका भांड्यात पडले की कोणाचा रुपया कुठल्या पक्षाला गेला ते पुन्हा धूसर होतं.

काकांना मी त्यांच्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून दिला. निकालाने कलम १८२ मधले ते बदलही गेले, त्यामुळे पक्षाचं नाव पुन्हा द्यावं लागतं. आर्थिक ताळेबंदाच्या मागे टिपा असतात, त्यांत ‘इतर खर्च’ बघायचं. काका भिंग घेऊन बसले आणि वार्षिक सभेत विचारायचे प्रश्न पाठकोऱ्या कागदावर लिहायला लागले. सभा ऑनलाइन असते, बोलायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं. ते मी करून दिलं, फुकट.