ऑलिंपियाहून आणलेला पितळी पर्णमुकुट : कारागिरी चोख, चिठ्ठी चुकीची

प्राचीन ऑलिंपियाचे अवशेष पाहून परतताना गावातल्या एका भेटवस्तूंच्या दुकानातून मी 38 युरोंना एक पितळी पर्णमुकुट विकत घेतला. मागे एकत्र बांधलेल्या आणि कपाळाकडे वळत आलेल्या दोन डहाळ्या, त्यांवर डाक देऊन बसवलेली अरुंद पाने, मधूनमधून हरभऱ्याएवढी फळे आणि वरून सोनेरी मुलामा असे त्याचे रूप आहे. पानांच्या कडा नीट घासलेल्या असल्यामुळे हाताला बोचत नाहीत आणि सांधेही पक्के आहेत. खोक्यातल्या चिठ्ठीवर मात्र ‘ऑलिंपिक विजेत्याचा लॉरेल मुकुट’ असे छापलेले आहे, आणि माझी मुख्य तक्रार त्या चिठ्ठीबद्दलच आहे.

ऑलिंपियात होणाऱ्या प्राचीन ऑलिंपिक स्पर्धांतल्या विजेत्याला लॉरेल या झाडाच्या पानांचा मुकुट मिळत नसे. त्याच्या डोक्यावर रानऑलिव्हचा मुकुट चढे, ज्याला ग्रीक लोक कोटिनोस म्हणत. आणि त्यासाठीची डहाळी झ्यूस या देवाच्या मंदिराच्या मागच्या बाजूला असलेल्या एका ठरावीक पवित्र झाडावरून, आईवडील दोघेही हयात असलेला मुलगा सोन्याच्या विळ्याने कापत असे. (मंगलकार्यात सवाष्णीला पुढे करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अट वेगळी समजावून सांगायला नको.) हे झाड हेराक्लिस या वीराने दंतकथेतल्या, दूर उत्तरेकडच्या हायपरबोरियन लोकांच्या देशातून आणले, असे ग्रीक कवी पिंडारने गायले आहे. लॉरेलचा मान डेल्फी येथील अपोलो देवाच्या स्पर्धांचा होता, कारण अपोलोपासून पळताना दाफ्नी या अप्सरेचे जे झाड झाले ते हेच. नेमिया येथील स्पर्धांत ओल्या सेलरीचा मुकुट देत, आणि ती सेलरी सर्पामुळे दगावलेल्या ओफेल्टिस या तान्ह्या बाळाच्या शोकाशी जोडलेली होती. इस्थमियाच्या स्पर्धांत पाइन, तर काही काळ वाळलेली सेलरी होती. डोक्यावरचे पान पाहूनच हा माणूस कोणत्या देवाच्या दारी जिंकला हे कळत असताना, चिठ्ठीतली चूक किरकोळ म्हणता येत नाही.

कारागिराची मात्र चूक झालेली नाही. त्याने घडवलेली पाने आणि फळे उघडच ऑलिव्हची आहेत. लॉरेलचे पान याहून रुंद आणि सुगंधी असते. मराठीत त्याची ओळख बरेचदा तमालपत्र म्हणून करून दिली जाते, तीही फसवी आहे, कारण आपल्या मसाल्यातल्या तमालपत्रावर देठाजवळून निघणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात आणि लॉरेलवर मधोमध एकच.

चिठ्ठीत ‘कधीही न कोमेजणारा’ अशीही जाहिरात आहे. खरा कोटिनोस काही दिवसांत वाळून जाई आणि बाजारात त्याची किंमत शून्य होती, यातच त्याचे मोल होते. इ. स. पू. 480 च्या ग्रीसवरील इराणी स्वारीत ग्रीक लोक पैशासाठी नव्हे तर ऑलिव्हच्या मुकुटासाठी झुंजतात हे ऐकून एक इराणी सरदार चकित झाला, अशी हकिकत ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवली आहे. अर्थात गावी परतल्यावर विजेता रिकाम्या हाताने राहत नसे. अथेन्समध्ये त्याला सरकारी खर्चाने जेवण मिळे आणि तिथला कायदेकर्ता सोलोन याच्या कायद्याने 500 द्राख्मांचे बक्षीसही ठरवलेले होते. धातूचे पर्णमुकुटही ग्रीकांत होतेच. 1977 मध्ये व्हेर्गिना येथे मिळालेला ओकच्या पानांचा सोन्याचा मुकुट प्रसिद्ध आहे, पण तो मॅसिडोनियाच्या राजघराण्यातील दफनातला आहे, स्पर्धेतला नव्हे.

वस्तू म्हणून विचाराल तर फळीवर ठेवायला हा मुकुट सुरेख दिसतो. डोक्यावर तो बसत नाही, कारण पट्टी ताठ आहे. खोके पातळ असल्याने प्रवासात दोन पाने वाकली, ती बोटांनीच सरळ झाली. त्याच दुकानात ‘डेल्फीचा मुकुट’ म्हणून ठेवलेला दुसरा नगही मी उचलून पाहिला होता. त्यावर फळांसकट हीच ऑलिव्हची पाने असल्याने तो तिथेच ठेवून दिला.