विंडोज आणि उबुंटू एकाच लॅपटॉपवर: फायलींच्या देवाणघेवाणीचा काही महिन्यांचा अनुभव

विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) एकाच लॅपटॉपवर गेले काही महिने रोज वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कामाच्या फायली दोन्हींपासून वेगळ्या, एनटीएफएस (विंडोजची फायली साठवण्याची पद्धत) स्वरूपाच्या स्वतंत्र पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, ठेवणे हीच सर्वांत भरवशाची व्यवस्था आहे.

उबुंटूमधून विंडोजच्या फायली पाहणे सोपे आहे. फाइल मॅनेजरमध्ये पार्टिशनवर क्लिक केले की ते माउंट होते, म्हणजे वापरासाठी जोडले जाते. एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर (लिनक्सला एनटीएफएस वाचता-लिहिता यावे यासाठीचा प्रोग्राम) बरीच वर्षे हे काम चोख करत आला आहे, आणि २०२१ साली आलेल्या लिनक्स ५.१५ पासून पॅरागॉन कंपनीचा एनटीएफएस३ हा ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, मिळतो.

खरी अडचण विंडोजच्या फास्ट स्टार्टअपची आहे. हा पर्याय चालू असताना ‘शट डाउन’ केले, तरी विंडोज आपल्या कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. मधल्या काळात उबुंटूने त्या पार्टिशनवर काही लिहिले, तर विंडोजच्या लेखी डिस्क जुनीच राहते आणि फायली खराब होण्याचा धोका उद्भवतो. म्हणूनच एनटीएफएस-३जी असे पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडतो. फायली दिसतात, पण सेव्ह होत नाहीत, आणि नवख्या माणसाला वाटते की परवानग्यांचा घोळ आहे. ‘रिस्टार्ट’ केल्यास ही अवस्था येत नाही. तरीही कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन हा पर्याय कायमचा बंद करावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याने विंडोज सुरू व्हायला लागणारा थोडा जास्त वेळ मला कधीच खटकला नाही. सी ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन) असेल, तर उबुंटू पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की मागते, त्यामुळे ती आधीच कागदावर लिहून ठेवावी.

उलट दिशेने मात्र विंडोज स्वतःहून एक्स्ट४ (उबुंटूची फायली साठवण्याची पद्धत) वाचत नाही. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) लिनक्सची डिस्क जोडण्याची सोय आहे, परंतु ज्या डिस्कवर विंडोज चालते तीच डिस्क अशी जोडता येत नाही, त्यामुळे एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर तिचा उपयोग शून्य.

एनटीएफएसच्या त्या सामायिक पार्टिशनलाही मर्यादा आहेत. लिनक्सच्या परवानग्या तिथे नेहमीसारख्या लागू होत नाहीत, म्हणून प्रोग्रामिंगचे प्रकल्प मी एक्स्ट४ वरच ठेवतो. मराठीत फायलींना लांब नावे देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एक्स्ट४ वर नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे बसतात. एनटीएफएसवर मात्र अशी २५५ चिन्हे मावत असल्याने विंडोजमध्ये सहज सेव्ह झालेला लांबलचक शीर्षकाचा लेख उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करताना नाव फार लांब असल्याची तक्रार येते. अशा फायलींची नावे कॉपी करण्यापूर्वीच आखूड करून घ्यावीत.