उरुग्वेत एकटीनं चार रात्री: कोलोनिया की काबो पोलोनियो?

उरुग्वे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा आणि वस्ती जेमतेम 35 लाख. काखेत गरम पाण्याचा थर्मास धरायचा, वाळवलेल्या भोपळ्याच्या वाटीतलं 'माते' नावाचं कडू पेय धातूच्या नळीनं ओढायचं आणि रमतगमत चालायचं, अशी इथली रीत. आपण 'बरं' म्हणतो तसं ही माणसं येता-जाता 'ता' म्हणतात. एकटीनं फिरणाऱ्या बाईला हा निवांतपणा फार मानवतो. रात्री राजधानी मोन्तेविदेओच्या जुन्या शहरातल्या सामसूम गल्ल्या तेवढ्या टाळायच्या.

हातात चार रात्री असतील, तर मोन्तेविदेओच्या त्रेस क्रुसेस बस स्टँडवर ठरवावं लागतं: पश्चिमेला नदीकाठचं जुनं गाव कोलोनिया की पूर्वेला समुद्रकाठचं छोटं गाव काबो पोलोनियो? दोन्ही उरकता येतात, पण मग त्यातला बराच वेळ बसमध्येच जातो.

कोलोनिया देल साक्रामेन्तो सोपं. 180 किलोमीटर, अडीच-तीन तास, आणि स्टँडवरून जुन्या गावात चालत जाता येतं. पोर्तुगिजांनी हे गाव वसवलं 1680 साली, म्हणजे शिवाजी महाराज गेले त्याच वर्षी. पुढे शंभर वर्षं ते पोर्तुगीज आणि स्पॅनिश यांच्यात हात बदलत राहिलं, आणि ते पायाखाली दिसतं: पोर्तुगीज गल्लीत फरसबंदी मध्यभागी खोलगट, म्हणजे पावसाचं पाणी मधून वाहतं, स्पॅनिश रस्त्यांना पाणी कडेनं जातं. उसाशांची गल्ली नावाचा छोटा उतार आहे, तिथे वाकून बघा. पणजीच्या जुन्या वस्तीत फिरलेल्या माणसाला इथल्या बुटक्या घरांचे रंग ओळखीचे वाटतील. 1995 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

पण खरं सांगते, कोलोनिया एका दिवसात पाहून होतं. नदीपलीकडच्या, अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सहून सव्वा तासात फेरीबोट येते, दुपारी गर्दी होते, संध्याकाळी माणसं परत जातात. त्यानंतरचं गाव सुंदर, नदीवरचा सूर्यास्त तर फारच. म्हणून एक रात्र राहावं. दुसऱ्या सकाळी सायकल घेऊन नदीकाठानं 1910 च्या बैलझुंजीच्या रिंगणापर्यंत जावं (दोनच वर्षांत देशात झुंजींवर बंदी आली). तिसऱ्या दिवशी काय करायचं, हे मला सुचलं नाही. फेरीबोटीनं ब्युनोस आयर्सला जाऊन परतायचं असेल, तर अर्जेंटिनाच्या प्रवेशाची सोय वेगळी करा, आणि उरुग्वेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते आधी बघा.

काबो पोलोनियोला जायचं म्हणजे बसमध्ये चार-पाच तास. बस राष्ट्रीय उद्यानाच्या दारात सोडते, तिथून पुढे रस्ताच नाही. उंच चाकांच्या उघड्या ट्रकमधून वाळूच्या टेकड्यांतले सात किलोमीटर हेलकावत जायचं. मोठी बॅग मोन्तेविदेओतच ठेवा. गावाला विजेच्या तारा नाहीत. तारेची वीज फक्त 1881 च्या दीपगृहाला. बाकी सौर पॅनेल, गॅस, मेणबत्त्या. रोख पैसे आणि विजेरी सोबत हवीच.

पहिल्या रात्री मी घाबरले, हे कबूल करते. जेवून परतताना विजेरीची बॅटरी संपली. घरांना कुंपण नाही, पायवाटांना नाव नाही, आणि खडकांवरचे समुद्रसिंह भांडल्यासारखे ओरडत होते. मी जागीच उभी राहिले. दर बारा सेकंदांनी दीपगृहाचा झोत फिरून येई, तेवढ्या उजेडात चार पावलं टाकायची, पुन्हा थांबायचं. अशी खोलीवर पोचले. दुसऱ्या रात्री विजेरी खिशातच ठेवली, वाळूवर आडवी झाले आणि मॅगेलनचे मेघ पाहिले, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका. आपल्याकडून ते क्षितिजाच्या वर नीट येतच नाहीत. इथे कापसाच्या पिंजलेल्या पुंजक्यासारखे डोक्यावर होते. उन्हाळ्यात (तो इथे डिसेंबर ते मार्च) कधी कधी लाटाही निळ्या चमकतात, रत्नागिरीकडे चमकतात तशाच. त्यासाठी अमावस्येच्या आसपासचे दिवस धरा, आणि एक रात्र पुरत नाही. पहिली रात्र अंधाराशी ओळख होण्यातच जाते.

खाण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे मांसाचं राज्य. शाकाहारी माणसानं 'फाइना' मागावी: हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाड धिरडंच ते. पोलोनियोकडे समुद्री शेवाळाची भजी मिळतात. पिठात अंडं असतं का, विचारून घ्या. कडक शाकाहार असेल, तर कोलोनियात निवड जास्त आहे. खर्चाला हा देश दक्षिण अमेरिकेतला महागडाच, आणि जानेवारीत पोलोनियोत साधी खोलीसुद्धा चढ्या भावानं मिळते. मार्चमध्ये गर्दी ओसरलेली असते आणि पाण्यात ऊबही असते.

जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल, तर विचारच करू नका, कोलोनिया. तेव्हा पोलोनियोत बरंचसं बंद असतं आणि वारा झोंबतो. प्रवासात ऑफिसचं काम करायचं असेल तरीही कोलोनियाच. आयुष्यात पहिल्यांदाच एकट्या निघाला असाल, तर एक रात्र तिथे घालवा, पाय स्थिर होऊ द्या, आणि मग पूर्वेची बस पकडा. पण डिसेंबर ते मार्चमधल्या चार रात्री असतील आणि एकटं जेवायची, एकटं झोपायची सवय असेल, तर मी तीन रात्री पोलोनियोला देईन. कोलोनियाला पुढे कधी ब्युनोस आयर्सच्या फेरीत उभ्या उभ्याही जाता येईल.