नऊ अल्बम, नऊ महिने: ऐंशीच्या दशकातलं हार्डकोर रोज ऐकल्यानंतर

हार्डकोर म्हणजे पंक रॉकचा आणखी वेगवान, आक्रमक प्रकार. यातली बरीच गाणी मला कॉलेजच्या वयापासून ठाऊक होती, पण सुटी सुटी. कुणी कॉपी करून दिलेली, क्रम बिघडलेली, शेवट कापलेली. पूर्ण अल्बम, बँडने लावलेल्या क्रमाने, मध्ये उठून तबकडी उलटून, असा एकही ऐकला नव्हता. टर्नटेबल घरी आलं तेव्हा एकदमच नऊ अल्बम घेतले आणि नेम केला की रोज रात्री निदान एक बाजू लावायची. आजारपणात दोन आठवडे खाडा झाला, बाकी नेम टिकला.

हे अल्बम मी वेगासाठी घेतले होते. आणि आज नऊ महिन्यांनी सगळ्यात जास्त वेळा लागलेली बाजू कुठली, तर या साऱ्या ढिगातली सगळ्यात संथ: ब्लॅक फ्लॅगच्या 'माय वॉर'ची दुसरी बाजू.

ही तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. पहिल्या बाजूवर सहा गाणी आहेत, त्यांच्यामधल्या गुळगुळीत चकचकीत रेघा सहज मोजता येतात. उलटली की फक्त दोन रेघा. तीन गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर. अल्बम 1984 चा. हार्डकोरमध्ये तेव्हा दीड मिनिटाचं गाणं म्हणजे ऐसपैस गाणं. त्यात या बँडनेच 1981 च्या 'डॅमेज्ड'मधून त्या वेगाला आकार दिलेला. त्यानंतर कंपनीशी कोर्टकज्जा झाला आणि बराच काळ त्यांना स्वतःच्या नावाने रेकॉर्ड काढता येईना. एवढं सोसून परत आले ते हे घेऊन. गिटारवादक ग्रेग गिनने बासही स्वतःच वाजवला आणि कव्हरवर त्या जागी डेल निक्सन असं खोटं नाव घातलं. ड्रमवर बिल स्टीव्हन्सन.

पहिल्या महिन्यात मी ही बाजू एकदाही पूर्ण ऐकली नाही. दोन मिनिटांत पिन उचलायचे. तिसऱ्या महिन्यात एका रात्री धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते, मांडीवर ढीग होता, उठायचा कंटाळा आला आणि बाजू चालूच राहिली. तेव्हा कळलं की इथे ऐकायचं ते दोन ठोक्यांच्या मधलं. स्टीव्हन्सन काठी मारतो आणि पुढचा ठोका येईपर्यंत इतकी मोकळी जागा सोडतो की आता हे कोसळणार असं वाटतं. त्या जागेत गिनची गिटार वेडीवाकडी शिरते, सुराच्या जरा बाजूला, हट्टाने. वेगाच्या गाण्यात गायक हेन्री रोलिन्सचा आवाज बाकीच्यांबरोबर धावतो, तिथे तो कच्चा पडला तरी चालून जातं. इथे त्याला लपायला जागाच नाही. शेवटच्या गाण्यात शब्द संपतात आणि नुसती किंकाळी उरते. त्यानंतर पिन मधल्या वर्तुळात फिरत राहते. मी बराच वेळ उठले नाही.

यातून पुढे काय निघालं तेही ऐकून पाहिलं. त्याच वर्षी ब्लॅक फ्लॅगच्याच एसएसटी या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, सेंट व्हायटस या बँडचा पहिला अल्बम आला, तोही असाच जड पावलांचा. वॉशिंग्टन राज्यातल्या मेल्विन्सनी 'माय वॉर'ची ही बाजू मनावर घेतली आणि 1987 च्या 'ग्लुई पोर्च ट्रीटमेंट्स'मध्ये ती आणखी चिखलात ओढली. ज्या संथ, जड संगीताला आज स्लज म्हणतात त्याची एक मुळी इथे आहे.

मग बाकीचे आठही त्या कानाने ऐकू लागले आणि माझी आवडीची उतरंड पार बदलली.

बॅड ब्रेन्सचा पहिला अल्बम, 1982 चा, आधी फक्त कॅसेटवर निघाला होता. पिवळं कव्हर, अमेरिकी संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज. वॉशिंग्टन डीसीची ही चार कृष्णवर्णीय मुलं मुळात जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकचं मिश्रण, वाजवायची, आणि ते प्रत्येक गाण्यात ऐकू येतं: वेग भन्नाट, पण हात स्वच्छ. डॉक्टर नोची गिटार जिथे थांबायची तिथे सुरीने कापल्यासारखी थांबते. या अल्बममध्ये मध्येच रेगेची, म्हणजे जमैकाच्या सावकाश ठेक्याच्या संगीताची, गाणी येतात. कॉलेजात मी ती सरळ गाळायचे, मला तो व्यत्यय वाटायचा. क्रमाने ऐकल्यावर माझी चूक लक्षात आली. चार-पाच गाणी श्वास न घेता गेल्यावर डॅरिल जेनिफरचा बास एकदम खोल, सावकाश चालू लागतो, खांदे आपोआप खाली येतात आणि त्यानंतरचं वेगवान गाणं दुप्पट वेगाचं वाटतं. रेगे काढून टाकलं तर वेगवान गाण्यांची धार बोथट होते. मी तसं करूनही पाहिलं, दोन रात्री. हार्डकोर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी आज हाच अल्बम हातात ठेवीन.

डिस्चार्जने मात्र माझं हे सगळं गणित मोडलं. 'हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग', इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा बँड, 1982, चौदा गाणी, सत्तावीस मिनिटांच्या आसपास. यात उसंत कुठेच नाही. एकच ठेका, घोडा चौखूर उधळल्यासारखा, गाण्यामागून गाणं. तो ठेका पुढे या बँडच्याच नावाने ओळखला जाऊ लागला: डी-बीट. शब्द म्हणाल तर गाण्याला चार-पाच ओळी, अणुयुद्ध आणि त्यात होरपळणारी माणसं, बस्स. तरी हा अल्बम नऊ महिन्यांत शिळा झाला नाही. मला वाटतं याचं कारण त्यात एकही जास्तीची गोष्ट नाही. एका बाजूला जेमतेम तेरा-चौदा मिनिटं असल्यामुळे तबकडीत खाचांना ऐसपैस जागा मिळते, आतल्या वर्तुळाकडे आवाज चिरकत नाही, आणि बोन्सच्या गिटारची भिंत शेवटच्या गाण्यापर्यंत तशीच उभी राहते. फक्त दोन्ही बाजू सलग लावू नका. एक बाजू, मग शांतता.

नेपाम डेथच्या 'स्कम'वर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता आणि तोच सगळ्यात लवकर उतरला. निदान अर्धा. हा 1987 चा अल्बम म्हणजे खरं तर दोन बँड आहेत. पहिली बाजू 1986 मध्ये बर्मिंगहॅमला ध्वनिमुद्रित झाली, दुसरी पुढच्या वर्षी, आणि मधल्या काळात माणसं इतकी बदलली की दोन्ही बाजूंवर असलेला एकटा ड्रमर मिक हॅरिस. पहिल्या बाजूवर जस्टिन ब्रॉडरिकची गिटार आहे. तिथे संथ, दणकट भाग येतात आणि त्यांच्या पोटातून तो अमानुष वेग फुटतो. ती बाजू मी अजून आवडीने लावते. तिचा शेवट 'यू सफर'ने होतो, सव्वा सेकंदाच्या थोडं वर, जगातलं सगळ्यात लहान गाणं म्हणून गिनेसमध्ये नोंदलेलं. विनोद म्हणून सगळे ते एकमेकांना ऐकवतात. पण अख्ख्या बाजूच्या शेवटी आलं की तो विनोद राहत नाही, दार आपटून कुणी निघून गेल्यासारखं वाटतं. दुसरी बाजू सोळा गाण्यांची, जवळजवळ सगळी पूर्ण वेगात. ली डोरियनचा आवाज जबरदस्त आहे, बिल स्टीअरची गिटारही, तरी दहाव्या गाण्यापर्यंत माझ्या कानांना फरक कळेनासा होतो. इतिहासात तिचं मोल मोठं आहे हे मानते. रोजच्या ऐकण्यात ती मागे पडली.

क्रो-मॅग्जचा 'द एज ऑफ क्वॉरल' न्यूयॉर्कचा, 1986 चा. नाव पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी थबकले. क्वॉरल म्हणजे कलह, आणि कलहाचं युग म्हणजे आपलं कलियुग! योगायोग नाही तो. गायक जॉन जोसेफ आणि बासवर असलेला हार्ली फ्लॅनगन दोघेही हरे कृष्ण पंथाकडे वळलेले होते आणि नाव तिथूनच आलं. कव्हरवर अणुस्फोटाचा ढग. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वाढलेली ही मुलं आपल्या जगण्याला कलियुग म्हणतात तेव्हा ते उसनं वाटत नाही, कारण संगीतही तसंच आहे, अंगावर येणारं. पहिल्याच गाण्याची सुरुवात ऐका. शब्द यायच्या आधी बास आणि ड्रम पायरी पायरीने चढत जातात, आणि गाणं सुटतं तोवर आपण उभे राहिलेलो असतो. मग गाण्याच्या मध्यात वेग अचानक अर्ध्यावर येतो, ज्याला ब्रेकडाउन म्हणतात तो. नंतरच्या शेकडो बँडनी ही युक्ती घासून गुळगुळीत केली. इथे ती अजून ताजी आहे, कारण ती दाखवण्यासाठी नाही. गाण्यालाच तिथे वजन पेलायचं असतं.

मायनर थ्रेटच्या 'आउट ऑफ स्टेप'बद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल तक्रार शून्य. 1983, डॉन झिएंताराचा इनर इअर स्टुडिओ, एकवीस-बावीस मिनिटं. शीर्षकगीताच्या मध्ये गायक इअन मॅकाय गाणं अडवून साध्या आवाजात बोलतो, की मी कुणासाठी नियम करत नाहीये. दारू-सिगारेटला नकार देणाऱ्या त्याच्या गाण्यांवरून पुढे एक अख्खी चळवळ उभी राहिली, आणि त्याला ते नियमांचं ओझं तेव्हाच जाणवत होतं हे त्या काही क्षणांत कळतं. त्यांचं डिस्कॉर्ड लेबल 1980 मध्ये स्वतःच्या आणि मित्रांच्या बँडची रेकॉर्ड काढण्यासाठी सुरू झालं, सुरुवातीची कव्हरं ही मुलं स्वतः कापून, दुमडून, चिकटवून तयार करायची. अल्बमच्या कव्हरवर पांढऱ्या मेंढ्यांच्या कळपातून उडी मारून बाहेर पडणारी काळी मेंढी आहे. माझ्या मुलीला गाणी आवडत नाहीत, पण मेंढीचं कव्हर समोरच ठेवायचं असा तिचा हुकूम आहे.

अॅमेबिक्सचा 'अराइज!', 1985, पावसाळ्यातला अल्बम आहे. ध्वनिमुद्रण गढूळ, सगळं धुक्यापलीकडून आल्यासारखं, आणि मला ते तसंच हवंसं वाटतं. पंक आणि हेवी मेटल यांची गाठ त्यांनी घातली, त्यातून क्रस्ट हा पंकचा गढूळ, जड प्रकार निघाला. गायक रॉब मिलर पुढे स्कॉटलंडच्या स्काय बेटावर तलवारी घडवणारा कारागीर झाला. हे वाचल्यावर मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, या गाण्यांत भट्टीचा आवाज आहेच.

राहिला 'झेन आर्केड'. हुस्कर डूचा हा 1984 चा दुहेरी अल्बम, तेवीस गाणी, सत्तर मिनिटं. घर सोडून निघालेल्या एका मुलाची गोष्ट. बहुतेक गाणी पहिल्याच वादनात पक्की केलेली, खर्च 3200 डॉलर. तक्रार आधी सांगते: आवाज पातळ आहे. बॉब मोल्डची गिटार पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी, ग्रेग नॉर्टनचा बास शोधावा लागतो. चांगल्या स्पीकरवर हे जास्तच खुपतं, आणि पहिले दोन महिने मी हा अल्बम केवळ नेम म्हणून लावत होते.

त्याने मला धरलं ते पियानोने. आरडाओरड्याच्या मधोमध अचानक एक छोटासा तुकडा येतो, कुणी शेजारच्या खोलीत एकटंच वाजवत बसल्यासारखा. मग पुन्हा गिटार. पहिल्याच बाजूवर ग्रँट हार्ट नुसत्या अकूस्टिक गिटारवर, आता तुझ्याशी कधीच बोलणार नाही, असं गातो. हार्डकोर बँडने 1984 मध्ये हे करायला छाती लागते. चौथ्या बाजूवर दोनच गाणी, त्यातलं दुसरं जवळजवळ चौदा मिनिटांचं, शब्दांशिवाय. ते मी आधी भरताड समजत होते. आता ती बाजू लावली की दिवा मालवते. पातळ आवाजाची सवय झाली असं म्हणणार नाही, पण त्या पातळपणातूनच सगळं एकाच खोलीत, एकाच दमात घडतंय असं वाटतं, हे मात्र खरं.

घ्यायचा विचार असेल त्यांच्यासाठी वापरातल्या दोन गोष्टी. एका विक्रेत्याकडून आलेल्या प्रतीचं मधलं भोक केंद्रापासून सरकलेलं निघालं. लांबलेला सूर प्रत्येक फेऱ्यात वरखाली डोलायचा, गिटारच्या गोंगाटात ते आठवडाभर माझ्या लक्षात आलं नाही, आणि तोवर बदलून घ्यायची मुदत संपली. म्हणून नवी तबकडी आली की आधी संथ गाणं लावा आणि वाजताना पिनेच्या दांडीकडे बघा. ती डावी-उजवीकडे झुलत असेल तर लगेच परत करा. दुसरी गोष्ट आवाजाची. चौथ्या महिन्यात हेडफोनवर मोठ्याने 'स्कम' ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. घाबरले. तेव्हापासून आवाज निम्म्यावर ठेवला आहे, आणि डिस्चार्ज निम्म्या आवाजातही तितकाच भेदक आहे.

'डॅमेज्ड'बद्दल फार लिहिलं नाही, कारण तो नऊ महिन्यांपूर्वी होता तिथेच आहे, माझ्या पहिल्या तिनांत. 'झेन आर्केड'ची तिसरी बाजू मात्र अजून मला पुरती उलगडलेली नाही. आज रात्री तीच लावणार आहे.