आडवळणाच्या रूटची लांब पल्ल्याची बस : हातात वेळ असेल तरच चढा

गाडी तशी ठीकठाक आहे, पण एक्सप्रेस समजून चढलात तर डोकं फिरेल, कारण ही मेन रोड सोडून प्रत्येक फाट्याला आत वळते, गावात जाऊन रिव्हर्स घेते आणि परत बाहेर येते. बाजाराच्या दिवशी तर विचारूच नका, पोती, टोपल्या, पाय ठेवायला जागा नाही. सीट मात्र बघून धरा. शेवटची रांग मागच्या चाकाच्याही मागे येते, तिथे खड्डा आला की तुम्ही सीटवरून वरच. मधली बेस्ट. मळमळत असेल तर पुढे बसून लांब रस्त्याकडे बघायचं, मोबाईल अजिबात नको. आणि सकाळी उत्तरेकडे निघालात तर ऊन उजवीकडून येणार, डावीकडे बसा. माझ्या खिडकीची काच इतकी खडखडत होती की आधीच्या कुणीतरी तिकीट दुमडून फटीत खोचलेलं, तेवढंच काय ते मेंटेनन्स! कंडक्टर मात्र एक नंबर, कोण कुठे उतरणार सगळं पाठ, एका आजींचं पोतं स्वतः खाली उतरवून दिलं, मगच बेल मारली. परतीची शेवटची गाडी उतरतानाच त्याला विचारून ठेवा, बोर्डावरच्या टायमिंगवर जाऊ नका. साडेतीन स्टार.